मेल सर्व्हर अचानक बंद पडतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील ज्या कार्यालयांनी, कारखान्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी आपला मेल सर्व्हर अजून स्वतःच्या जागेत ठेवला आहे किंवा भाड्याच्या आभासी यंत्रावर चालवला आहे, त्यांच्याकडे तो सांभाळणाऱ्या माणसासाठी हे पान लिहिले आहे. असा माणूस बहुधा एकटाच असतो आणि मेल सर्व्हरखेरीज प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी आणि टॅली हेही त्याच्याच गळ्यात असते, हे गृहीत धरून उत्तरे दिली आहेत. बहुतेक उत्तरे लिनक्सवरील पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि स्वीकारणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (साठलेली मेल वाचू देणारा प्रोग्राम) या जोडीविषयी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरविषयीचा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतात.

सर्व्हर बंद पडल्याचे कळताच सर्वांत आधी काय करावे?

ताबडतोब रीस्टार्ट करू नये. साहेबांच्या केबिनमधून हाक आणि मोबाइलवर फोन एकाच वेळी येत असताना हे पाळणे कठीण जाते, हे मान्य आहे. तरीही पाच मिनिटे काढावीत, कारण सर्व्हर का थांबला याचा पुरावा पुष्कळदा मेमरीत असतो आणि यंत्र पुन्हा सुरू होताच तो पुसला जातो. सिस्टमसीटीएल स्टेटसचे उत्तर, जर्नलमधील (यंत्राच्या नोंदवहीतील) त्या सर्व्हिसच्या शेवटच्या दोनशे ओळी, कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजचे संपूर्ण उत्तर आणि डीएफने दाखवलेली डिस्कची स्थिती, एवढे एका वेगळ्या फाइलीत उतरवून घ्यावे आणि मग सर्व्हिस खुशाल सुरू करावी. अख्खे यंत्र रीबूट करण्याची गरज फार क्वचित पडते.

त्यानंतर एकच प्रश्न धरून बसावे : हा प्रोग्राम बंद कोणी केला? उत्तरे चारच संभवतात. तो स्वतः कोसळला किंवा काहीतरी न पटल्यामुळे स्वतःहून थांबला. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याला मारले. एखाद्या माणसाने किंवा दुसऱ्या प्रोग्रामने त्याला थांबण्याची आज्ञा दिली. अथवा ज्या यंत्रावर तो चालत होता ते यंत्रच गेले. “मेल बंद आहे” या एका तक्रारीत हे चारही प्रकार येतात. प्रत्येकाचा उपाय निराळा असल्यामुळे, प्रकार ठरवण्याआधी सेटिंगमध्ये हात घातला तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि नवा एक त्यात मिसळतो.

तो खरोखर बंद आहे की केवळ आपल्याला पोहोचता येत नाही, हे कसे ओळखावे?

सर्व्हरच्याच टर्मिनलवरून लोकलहोस्टच्या पोर्ट २५ ला टेलनेट करून पाहावे. २२० या आकड्याने सुरू होणारी स्वागताची ओळ आली, तर एसएमटीपी सेवा जिवंत आहे आणि दोष नेटवर्क, फायरवॉल किंवा डीएनएसमध्ये शोधायचा आहे. मेल वाचण्याच्या बाजूसाठी हीच तपासणी पोर्ट १४३ वर करता येते.

प्रत्यक्षात चालू असलेल्या सर्व्हरबद्दल “बंद पडला” अशी तक्रार ज्या कारणाने सर्वाधिक वेळा येते, ते सांगून ठेवणे उपयोगाचे आहे. अख्खे कार्यालय एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असते. कोणीतरी आपला पासवर्ड बदलतो, पण त्याच्या खिशातला मोबाइल जुन्याच पासवर्डने दर काही मिनिटांनी लॉगिन करत राहतो, आणि फेलटूबॅन हा चुकलेली लॉगिन मोजणारा प्रोग्राम त्या पत्त्यावर बंदी घालतो. मग कार्यालयातल्या सगळ्यांचे आउटलुक एकाच क्षणी थांबते, आणि घरून मोबाइल डेटावर काम करणाऱ्या एकट्या माणसाचे मात्र सुरळीत चालते. हे लक्षण दिसले की सर्व्हरला हात न लावता बंदी उठवावी, तो मोबाइल शोधून काढावा आणि कार्यालयाचा आयपी पत्ता अपवादांच्या यादीत टाकावा. डव्हकॉटमध्ये एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून एका वेळी मुळात १० जोडण्याच मिळतात. एकच सामाईक खाते पाच-सहा संगणकांवर उघडून ठेवणाऱ्या कार्यालयात ही मर्यादा लवकर भरते आणि तक्रार पुन्हा त्याच शब्दांत येते.

सर्व्हर बंद असताना आलेली मेल हरवते का?

लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ती स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो; २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५३२१ या मानकात हे प्रयत्न निदान चार ते पाच दिवस चालू ठेवावेत असे सांगितले आहे. परंतु प्रत्येक प्रोग्रामची मूळ मर्यादा वेगळी आहे : पोस्टफिक्स ५ दिवस वाट पाहतो, एक्सचेंज २ दिवसांतच हात टेकतो. पोळा शुक्रवारी, मारबत शनिवारी आणि त्याला जोडून रविवार अशी सुटी आली, आणि सर्व्हर गुरुवारी रात्री गेला, तर सोमवारी सकाळपर्यंत साडेतीन दिवस उलटलेले असतात. अशा वेळी पोस्टफिक्सवाल्या ग्राहकांची मेल उशिरा का होईना येते, आणि एक्सचेंजवाल्या ग्राहकांना मात्र ती परत गेल्याची सूचना मिळून चुकलेली असते. जोडून सुट्या येण्याआधी सर्व्हरची पाहणी करावी ती याच कारणाने.

सर्व्हर सुरू होताच साचलेली मेल एकदम कोसळत नाही, यानेही पुष्कळजण घाबरतात. पोस्टफिक्स दोन प्रयत्नांतले अंतर वाढवत कमाल ४००० सेकंदांपर्यंत नेतो, म्हणजे काही मेल तासाभरानेही येऊ शकते.

जी मेल आपल्या पोस्टफिक्सने आधीच स्वीकारली होती ती त्याच्या क्यूमध्ये डिस्कवर लिहिलेली असते, कारण डिस्कवर सुरक्षित उतरल्याशिवाय तो समोरच्याला होकार देतच नाही. म्हणून “जागा मोकळी करण्यासाठी” क्यूच्या फोल्डरमधील फाइली हाताने पुसणे हा या विषयातला सर्वांत महागडा अपराध आहे. रांग पाहायची असल्यास पोस्टक्यू वापरावे, आणि काही काढायचेच असल्यास पोस्टसुपर वापरावे.

लॉग कुठे असतो, आणि त्यात नेमके काय शोधावे?

उबुंटूवर मेलचा लॉग व्हार-लॉगमधील मेल.लॉग या फाइलीत असतो. रेड हॅट, अल्मालिनक्स आणि रॉकी यांवर त्या फाइलीचे नाव मेललॉग असे असते. डेबियन १२ पासून लॉग फाइलीत लिहिणारा आरसिसलॉग मुळात बसवलेला येत नाही, त्यामुळे तेथे ही फाइल दिसली नाही तर गोंधळून न जाता जर्नलसीटीएलने वाचावे.

शोधायचा तो सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला पाठवलेल्या इशाऱ्याचा, आकडा. १५ हा थांबण्याची रीतसर सूचना देणारा सिग्नल आहे; पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये “टर्मिनेटिंग ऑन सिग्नल १५” अशी ओळ दिसली, तर प्रोग्राम बिघडलेला नाही, त्याला कोणीतरी थांबायला सांगितले आहे. ९ म्हणजे विनासूचना मारले. हे बहुधा कर्नलचे काम असते. ११ म्हणजे प्रोग्रामने मेमरीत भलत्याच जागी हात घातला, आणि ६ म्हणजे आतली काही विसंगती लक्षात आल्यामुळे त्याने स्वतःच स्वतःला संपवले. आकडा एक्झिट कोडच्या रूपात दिसत असल्यास त्यातून १२८ वजा करावेत : १३७ म्हणजे ९, १४३ म्हणजे १५, १३९ म्हणजे ११.

कधी कधी यांपैकी काहीच दिसत नाही. लॉग एका साध्यासुध्या ओळीवर थांबतो आणि पुढची ओळ थेट यंत्र सुरू झाल्याची असते. निरोप न घेता गेलेला असा लॉग म्हणजे वीज गेली किंवा कर्नलच कोसळला याची खूण होय. लास्ट ही आज्ञा एक्स या पर्यायासह चालवली की यंत्र रीतसर बंद झाले होते की नाही हे कळते. मागील बूटचा जर्नल पाहायचा असेल, तर व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचे फोल्डर आधीपासून असायला हवे. ते नसल्यास जर्नल केवळ मेमरीत राहतो आणि रीबूटबरोबर जातो. हे फोल्डर आज करून ठेवावे. बिघाडाच्या दिवशी ते करून उपयोग नाही.

लॉगमध्ये सिग्नल ९ आहे आणि आमच्यापैकी कोणीही काही बंद केलेले नाही. मग कोणी केले?

मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी देऊन बाकीचे यंत्र वाचवतो. डीमेसेजमध्ये “आउट ऑफ मेमरी” आणि “किल्ड प्रोसेस” हे शब्द शोधावेत. तेथे मारलेल्या प्रोसेसचे नाव आणि तिने अडवलेली मेमरी दोन्ही लिहिलेले असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. कर्नल सर्वसाधारणपणे ज्याने सर्वांत जास्त मेमरी धरली आहे त्याला निवडतो, आणि पोस्टफिक्स हा लहान लहान प्रोसेसमध्ये विभागलेला असल्यामुळे तो सहसा निवडला जात नाही. व्हीत्से व्हेनेमा यांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की एक तुकडा पडला तरी मास्टर हा त्याचा मुख्य प्रोसेस त्या जागी नवा उभा करतो. बळी जातो तो क्लॅमएव्ही या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामचा, मायएसक्यूएल या डेटाबेसचा किंवा मेल तपासणीला पाठवणाऱ्या अमाविसचा. खाती मायएसक्यूएलमध्ये असतील, तर डेटाबेस गेल्यावर पोस्टफिक्सला वापरकर्ताच सापडत नाही आणि तो प्रत्येक मेलला ४५१ हे तात्पुरत्या नकाराचे उत्तर देऊ लागतो. अमाविस गेला, तर आलेली मेल रांगेत साचत राहते. बाहेरून दोन्ही वेळी “मेल सर्व्हर बंद” असेच दिसते आणि पोस्टफिक्स कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी फरक पडत नाही.

यांत क्लॅमएव्हीकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा व्हायरस-खुणांचा साठा मेमरीत चढला की एकट्यानेच १ जीबीहून अधिक जागा घेतो. २०२० साली आलेल्या ०.१०३ या आवृत्तीपासून, नवा साठा आल्यावर जुना सोडण्याआधीच नवा चढवला जातो, म्हणजे तेवढ्या वेळेपुरती गरज जवळजवळ दुप्पट होते. २ जीबी मेमरीचे भाड्याचे यंत्र दिवसभर ठीक चालते आणि फ्रेशक्लॅमचे (नवा साठा आणणाऱ्या प्रोग्रामचे) अपडेट आले की कोसळते, त्याचे हेच कारण असते.

मेमरी वाढवून मागितली, पण मंजुरी मिळत नाही. तोपर्यंत काय करावे?

क्लॅमडीच्या (क्लॅमएव्हीच्या सतत चालणाऱ्या भागाच्या) कॉन्फिगरेशनमधील कॉन्करंट-डेटाबेस-रीलोड हा पर्याय बंद करावा. साठा बदलताना तपासणी काही वेळ थांबेल, पण मेमरी दुप्पट लागणार नाही. २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवावी. सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिटमध्ये ओओएम-स्कोअर-ॲडजस्टची किंमत उणे करून डेटाबेसला संरक्षण देता येते. ही किंमत उणे १००० ते १००० या मर्यादेत असते, आणि सगळ्याच सर्व्हिसना उणे १००० देऊन ठेवणे म्हणजे कर्नलला कोणालाच निवडू न देणे होय, तेव्हा तो मोह टाळावा. डव्हकॉटचा एखादा प्रोसेस स्वतःच मेमरी संपल्याची तक्रार करून मरत असेल, तर मात्र प्रकरण वेगळे आहे : डव्हकॉट २.३ मध्ये प्रत्येक प्रोसेसवर मुळात २५६ एमबीची मर्यादा असते आणि वर्षानुवर्षे रिकाम्या न केलेल्या मेलबॉक्सची इंडेक्स फाइल ती ओलांडू शकते. अशा वेळी यंत्रात मेमरी भरपूर असूनही बिघाड होतो, आणि वाढवायची असते ती ही मर्यादा.

डिस्कवर जागा शिल्लक दिसते, तरीही “नो स्पेस लेफ्ट” अशी चूक येते. असे का?

याची तीन कारणे नेहमी आढळतात. पहिले इनोडचे, म्हणजे प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणाऱ्या जागेचे. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, आणि ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली तयार करतानाच साधारण दर १६ केबीमागे एक या हिशोबाने इनोडची संख्या कायमची ठरून जाते. लहान लहान मेल लाखोंनी साठल्या की जागा उरते आणि इनोड संपतात. डीएफला आय हा पर्याय दिला की ते दिसते. दुसरे, ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा मुळात रूटसाठी राखीव असते, जी इतर प्रोसेसना मिळत नाही. तिसरे, कोणीतरी भलीमोठी लॉग फाइल पुसतो, पण ती उघडून बसलेला प्रोसेस चालूच असतो; फाइल यादीतून जाते, जागा मात्र सुटत नाही. एलएसओएफने अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली सापडतात.

जागा कमी झाली म्हणून पोस्टफिक्स सहसा बंद पडत नाही. तो ४५२ हा आकडा देऊन नवी मेल घेण्याचे तात्पुरते नाकारतो, आणि जागा झाली की आपोआप पूर्ववत होतो. बंद पडतो तो डेटाबेस.

फाइलप्रणालीच “रीड ओन्ली” झाली असेल, तर जागा करण्याच्या भानगडीत पडू नये. डिस्कवर चूक आढळल्यामुळे कर्नलने लिहिणे थांबवले आहे असा त्याचा अर्थ आहे. आधी बॅकअप तपासावा, मग स्मार्टसीटीएलने डिस्कची प्रकृती पाहावी, आणि नवी डिस्क आणायला माणूस पाठवावा.

सर्व्हर दररोज ठरावीक वेळीच बंद पडतो. याचा अर्थ काय?

ही शुभवार्ता समजावी. नेमाने होणारी गोष्ट कोणत्या तरी वेळापत्रकात लिहिलेली असते : क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम), सिस्टमडीचे टायमर, लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणारा), बॅकअप किंवा आपोआप होणारी अपडेट. वेळापत्रक वाचताना यंत्राचे घड्याळ कोणत्या प्रमाणवेळेवर आहे ते आधी पाहावे. भाड्याची आभासी यंत्रे बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात, आणि आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास आहे. उबुंटूची आपोआप अपडेट सकाळी ६ ते ७ या दरम्यान होण्यासाठी ठरवलेली असते, आणि ती वेळ निवडताना तेव्हा कार्यालयात कोणी नसते असा विचार असतो. यूटीसीवरील यंत्रात मात्र ती नागपूरच्या साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान येते, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. यंत्राची प्रमाणवेळ एशिया-कोलकाता करावी किंवा टायमरची वेळ बदलावी. अपडेटच बंद करून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

लॉगरोटेटच्या बाबतीत, लॉग फिरवल्यानंतर सर्व्हिसला पाठवायचा सिग्नल कोणी तरी हाताने लिहिला आहे का, हे पाहावे. रीलोडच्या जागी चुकून थांबण्याची आज्ञा लिहिलेली असली, तर सर्व्हर रोज पहाटे शिस्तीत बंद होतो आणि लॉगमध्ये सिग्नल १५ सोडतो.

एप्रिल-मे मध्ये दुपारीच बंद पडतो, हिवाळ्यात कधीच नाही. हा योगायोग आहे का?

नाही. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि लहान कार्यालयात सर्व्हरच्या वाट्याला येते ती खोली बहुधा गच्चीच्या स्लॅबखालची किंवा जिन्याखालची असते. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, अशी अमेरिकेतील ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. तापमान वाढत गेले की प्रोसेसर प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. मेल उशिरा येते, आयमॅप (मेल वाचण्याची सेवा) रेंगाळते, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. त्याहून वाढले की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. वेळ मिळाला तर कर्नल “क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड” अशी ओळ लिहून जातो, न मिळाल्यास लॉग वर सांगितल्याप्रमाणे मध्येच तुटतो.

आपल्याकडे या खोलीत डेझर्ट कूलर लावण्याची पद्धत आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. कूलर ओली हवा आत ढकलतो आणि ती बाहेर जायला वाट असेल तरच थंड करतो. बंद खोलीत थोड्याच वेळात केवळ दमटपणा उरतो, आणि जड पाण्यातले क्षार तुषारांबरोबर उडून सर्किट बोर्डावर पांढरे बसतात. पहिला पाऊस पडून गेल्यावर तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. खोली लहान असेल, तर एक टनाचा एसी आणि त्याला संध्याकाळी कोणी बंद करू नये म्हणून स्विचवर चिकटवलेली चिठ्ठी, एवढ्याने काम होते. शेवटचा माणूस घरी जाताना वीज वाचवण्यासाठी एसी बंद करतो आणि नवतप्याच्या रात्री सर्व्हर जातो, असे एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. पंख्यांवरची आणि हीटसिंकवरची धूळ मार्चअखेर ब्लोअरने काढावी.

तापमान सेन्सर्स या आज्ञेने किंवा आयपीएमआयटूलने पाहता येते, पण एकाच आकड्यावर विसंबू नये. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि हवामान विभागाला संवेदकात बिघाड असल्याचा खुलासा करावा लागला होता. मदरबोर्डवरचा संवेदकही तसाच चुकू शकतो. प्रोसेसर, डिस्क आणि आत येणारी हवा असे तीन आकडे जवळ ठेवून पाहावेत.

यूपीएस असूनही वीज गेल्यावर सर्व्हर बंद होतो. दोष कोणाचा?

प्रथम लॉग पाहावा. सिग्नल १५ असेल, तर बंद करणारा यूपीएसच आहे : एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी हे प्रोग्राम बॅटरी उतरत आली की यंत्राला रीतसर बंद करतात, आणि ते त्यांचे कर्तव्यच आहे. बॅटरी इतक्या लवकर का उतरली, हा खरा प्रश्न. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांपुढे दर १० अंशांना साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. ४० अंशांच्या खोलीत ठेवलेली बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात दगा देऊ शकते. लॉग मध्येच तुटलेला असेल, तर यूपीएसने अजिबात साथ दिलेली नाही, किंवा सर्व्हर घरगुती इन्व्हर्टरवर आहे आणि त्याच्या बदलाच्या क्षणात यंत्र रीस्टार्ट होते आहे.

वीज परत आल्यावर उद्भवणाऱ्या अडचणी त्याहून चिवट असतात. बायॉसमध्ये वीज येताच सुरू होण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर यंत्र सकाळपर्यंत तसेच पडून राहते. यंत्र सुरू झाले तरी राउटर त्याहून सावकाश उठतो. आयपी पत्ता मिळण्याआधीच पोस्टफिक्स सुरू होऊ पाहतो, इनेट-इंटरफेसेसमध्ये लिहिलेला पत्ता त्याला सापडत नाही आणि तो तेथेच थांबतो. त्यासाठी युनिटला नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटची वाट पाहायला लावावे आणि सर्व्हरला स्थिर आयपी द्यावा.

जुन्या यंत्रात मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटनाएवढी बॅटरी संपलेली असते, आणि वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व सर्टिफिकेट “अजून वैध झालेली नाहीत” असे ठरून जोडण्या नाकारल्या जातात. डव्हकॉटच्या १.एक्स आवृत्त्या तर वेळ मागे सरकलेली दिसताच “आता मी स्वतःला संपवतो” अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये लिहून खरोखरच बंद होत असत. हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी होती असे म्हणावे लागते. बॅटरी किरकोळ किमतीत मिळते. ती बदलावी आणि क्रॉनी या प्रोग्रामने वेळ जुळवून घ्यावी.

अपडेट केल्यानंतर सर्व्हिस सुरूच होत नाही. जुनी आवृत्ती परत बसवावी का?

आधी कॉन्फिगरेशन तपासून घ्यावे. पोस्टफिक्स चेक, डव्हकॉन्फ एन आणि एक्झिम या दुसऱ्या मेल प्रोग्रामसाठी बीव्ही हा पर्याय, या आज्ञा चुकीची ओळ क्रमांकासह दाखवतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डव्हकॉट २.४ चे कॉन्फिगरेशन २.३ शी जुळत नाही. फाइलीच्या आरंभी डव्हकॉट-कॉन्फिग-व्हर्जन लिहिणे आता सक्तीचे आहे आणि अनेक पर्यायांची नावे बदलली आहेत. डेबियन १३ मध्ये हीच आवृत्ती असल्यामुळे १२ वरून १३ वर गेलेल्यांना हा अनुभव हमखास येतो. जुनी फाइल डागडुजी करून चालवण्यापेक्षा नवीन नमुन्यावरून पुन्हा लिहिणे कमी वेळात होते.

सर्टिफिकेटची मुदत संपली तर सर्व्हर बंद पडतो का?

पडत नाही, तो चालूच राहतो आणि वापरकर्त्यांचे प्रोग्राम त्याला नाकारतात. लेट्स एन्क्रिप्टच्या ९० दिवसांच्या सर्टिफिकेटमध्ये नूतनीकरण होऊनही सर्व्हिस रीलोड न केल्यास जुनेच सर्टिफिकेट दाखवले जाते, तेवढे लक्षात ठेवावे.

सिग्नल ११ वारंवार येतो. प्रोग्राममध्ये दोष आहे की यंत्रात?

कोअरडम्पसीटीएलची यादी पाहावी. एकच प्रोग्राम, एकाच वापरकर्त्याच्या मेलबॉक्सवर, एकाच जागी कोसळत असेल, तर दोष प्रोग्राममध्ये किंवा त्या मेलबॉक्सच्या इंडेक्समध्ये आहे. डव्हकॉटच्या डव्हॲडम या आज्ञेतील फोर्स-रीसिंकने तो पुष्कळदा जातो. आज आयमॅप, उद्या मायएसक्यूएल, परवा एखादी साधी आज्ञा असे कोणीही कोठेही कोसळत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा आणि रात्रभर मेमटेस्ट चालवावा.

आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय करून टाकली तर चालेल का?

चालेल, पण डोळे उघडे ठेवून. सिस्टमडीचे मूळ नियम असे आहेत की तो १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सोडून देतो; त्यामुळे कायमचा दोष असेल, तर सगळे प्रयत्न एका सेकंदाच्या आत संपतात. मधले अंतर ३० सेकंद करावे आणि प्रत्येक रीस्टार्टची सूचना स्वतःकडे येईल असे करावे. ही सूचना त्याच मेल सर्व्हरमार्फत पाठवू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. सूचनेविना केलेला रीस्टार्ट बिघाड झाकून ठेवतो. दिवसातून चाळीस वेळा मरून जिवंत होणारा सर्व्हर आम्ही पाहिला आहे, आणि मालकांच्या मते तो उत्तम चालला होता.

कोणी सर्व्हर हॅक करून बंद पाडला असेल का?

शक्यता कमी, पण तपासण्याजोगी. जून २०१९ मध्ये एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांतील दोष जाहीर झाला आणि थोड्याच दिवसांत हल्लेखोर त्यातून शिरून चोरीचे कॉइन-मायनर बसवू लागले. त्यांचा हेतू सर्व्हर बंद पाडण्याचा नसतो. प्रोसेसर आणि मेमरी त्यांनी खाल्ल्यामुळे मेल मरते. टॉपमध्ये अनोळखी प्रोसेस, क्रॉनमध्ये अनोळखी ओळ किंवा रांगेत अचानक हजारो मेल दिसल्यास यंत्र नेटवर्कवरून वेगळे करावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ६ तासांच्या आत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. लॉगरोटेटचे मूळ सेटिंग इतके दिवस जपत नाही, तेव्हा ते आधीच बदलून ठेवावे.

आमच्याकडे विंडोज आणि एक्सचेंज आहे. वरील पद्धत लागू होते का?

प्रश्न तोच राहतो, लॉगची जागा बदलते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०७४ दिसल्यास कोणीतरी यंत्र रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केले आहे, आणि कोणी ते तेथेच लिहिलेले असते. ६००८ आणि ४१ हे यंत्र अवचित गेल्याचे आकडे आहेत. ७०३१ किंवा ७०३४ म्हणजे केवळ सर्व्हिस कोसळली. डिस्क किंवा मेमरी कमी झाल्यावर एक्सचेंज “बॅक प्रेशर” लावून नवी मेल घेणे थांबवतो, तेव्हा १५००६ किंवा १५००७ हे आकडे पाहावेत.

सर्व्हिस चालू, डिस्क मोकळी आणि तरी मेल अडकलेली, असेही घडते. १ जानेवारी २०२२ रोजी एक्सचेंज २०१६ आणि २०१९ मध्ये जगभर हेच झाले : मालवेअर तपासणाऱ्या भागाची आवृत्ती तारखेवरून २२०१०१०००१ अशी तयार झाली, हा आकडा ३२ बिटांत मावणाऱ्या २१४७४८३६४७ या कमाल संख्येपेक्षा मोठा होता, तपासणी कोसळली आणि मेल रांगेत राहिली. या दोन्ही आवृत्त्यांचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्या चालवणाऱ्यांनी बिघाडाची वाट न पाहता स्थलांतराचा दिवस ठरवावा.

बाहेरच्या तंत्रज्ञाची मदत घेताना काय काय द्यावे?

बंद पडण्याची नेमकी वेळ, ती कोणत्या प्रमाणवेळेत आहे हे लिहून. त्या वेळेआधीच्या अर्ध्या तासाचा लॉग, कापाकापी न करता. पोस्टकॉन्फ एन आणि डव्हकॉन्फ एन यांची उत्तरे. मेमरी, डिस्क आणि इनोड यांचे आकडे. आणि गेल्या पंधरा दिवसांत यंत्रात केलेला प्रत्येक बदल, तो कितीही क्षुल्लक वाटला तरी. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नये, मजकूरच पाठवावा. मायएसक्यूएलच्या जोडणीच्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. ती फाइल पाठवण्याआधी तो खोडावा, आणि चुकून गेलाच तर त्याच दिवशी बदलावा.